इंजिन जप्त झाले आहे

इंजिन बसलं याला मी जबाबदार होतो, हे सुरुवातीलाच कबूल करून टाकतो, म्हणजे पुढे मला कुणी बोलण्यात पकडायला नको. ते जप्त झालं, याला मात्र माझं भाषाप्रेम जबाबदार आहे. भाषाप्रेमाबद्दल माणसाला शिक्षा होऊ शकते, हे मला वयाच्या सहासष्टाव्या वर्षी, एका सरकारी टेबलासमोर, बायको आणि सासरे यांच्या मधल्या खुर्चीत बसून कळलं.

गाडी सासऱ्यांची. गोल दिव्यांची, फुगलेल्या गालांची, दार लावलं की तिजोरी बंद केल्यासारखा आवाज करणारी. आप्पा, म्हणजे माझे सासरे, घड्याळजी. पन्नास वर्षं डोळ्याला भिंग लावून त्यांनी लोकांची घड्याळं चालती ठेवली. त्यामुळे जगातली कुठलीही वस्तू आठवड्यातून एकदा किल्ली दिली की बिघडत नाही, असा त्यांचा ठाम विश्वास. नऊ वर्षांपूर्वी त्यांच्या घरासमोरची गाडी लावायची जागा गेली आणि गाडी आमच्या सोसायटीत आली. किल्ली माझ्या हातात देताना त्यांनी एकच अट घातली. ‘जावईबापू, दर रविवारी सुरू करायची. दहा मिनिटं. बास.’

मी हो म्हणालो. ‘हो’ म्हणायला मला आयुष्यात कधीच त्रास झालेला नाही.

पहिलं दीड वर्ष मी खरोखरच सुरू करत होतो. मग बॅटरी गेली. पुढच्या आठवड्यात नवी आणू असं ठरवलं. पण तोवर रविवारी खाली जायचं की नाही, असा प्रश्न आला. गेलो नाही तर बायको विचारणार, का गेला नाहीत. म्हणून गेलो. गेलो तर उभं कुठे राहायचं, म्हणून गाडीत बसलो. बसलो तर करायचं काय, म्हणून पुढच्या रविवारी वर्तमानपत्र नेलं. आणि मग माझ्या लक्षात आलं की आपल्या घराच्या तीन मजले खाली एक अशी खोली आहे, जिथे फोन वाजत नाही, गॅसवाला येत नाही आणि ‘अहो, जरा वरचा डबा काढून द्या’ असं कुणी म्हणत नाही. नऊ ते दहा मी तिथे बसून पेपर वाचायचो, अगदी शेवटच्या पानावरच्या मुद्रक-प्रकाशकांच्या नावापर्यंत. मग वर येऊन हात धुवायचो. गाडी सुरू करून आलेला माणूस हात धुतो.

सव्वानऊला आप्पांचा फोन यायचा. बायको सांगायची, ‘हे खालीच आहेत. गाडी सुरू करतायत.’ असं साडेसात वर्षं. बारकाईने पाहिलं तर खोटं मी एकदाही बोललो नाही. मी फक्त हात धूत होतो. बोलत होती बायको, आणि तीही मनापासून.

तर एका रविवारी आप्पांनी फोनवर सांगितलं की ते आता घर बंद करून कायमचे आमच्याकडे राहायला येणार. पुढच्या नाही, त्याच्या पुढच्या शनिवारी. बायकोचे डोळे भरून आले होते. एकच इच्छा आहे म्हणाले त्यांची, ती म्हणाली. आल्या आल्या, चहाच्याही आधी, स्वतः गाडीत बसून एक छोटी फेरी मारायची. चौऱ्याऐंशी वर्षांचे आहेत, परत कधी मारतील.

‘चालू आहे ना हो गाडी?’

‘चालू आहे,’ मी म्हणालो आणि हात धुवायला गेलो.

त्या दिवशी मी बराच वेळ हात धुतले. तेरा दिवस होते. गाडी सुरू झाली नाही, तर आप्पा काय म्हणतील याची भीती नव्हती. ते फार बोलणारे गृहस्थ नाहीत. भीती होती ती बायकोची. तिच्या तोंडून तिच्याच वडिलांशी मी साडेसात वर्षं खोटं बोललो, हे तिला कळलं असतं. आणि ती वडिलांकडे बघून जे बोलते, त्यातला एकही शब्द ती वायफळ बोलत नाही.

सोमवारी बायको बाहेर गेल्यावर मी मिस्त्रींना बोलावलं. हे मिस्त्री फक्त जुन्या गाड्यांची कामं करतात आणि शब्द स्वतःच्या खिशातून खर्च झाल्यासारखे बोलतात. त्यांनी गाडीच्या नाकात लोखंडी हँडल घातलं आणि फिरवायला गेले. हँडल हललं नाही. मग ते हँडलवर लटकले. मिस्त्री हलले, हँडल नाही. ते गाडीपासून दोन पावलं मागे आले आणि म्हणाले, ‘सीझ आहे.’

म्हणजे काय, तर आतले पिस्टन ज्या नळ्यांत वरखाली फिरतात, त्या नळ्यांना ते गंजून घट्ट धरून बसले होते. किती वर्षं बंद आहे, त्यांनी विचारलं. डॉक्टर, वकील आणि मिस्त्री यांच्यापासून काही लपवू नये, असं मला वाटतं. मी आजूबाजूला बघून हळूच म्हणालो, साडेसात. मिस्त्रींनी चारही प्लग काढले, त्या चार भोकांतून पातळ तेल ओतलं आणि सांगितलं की रोज थोडं थोडं ओतत राहायचं, तेल आपलं मुरत जाईल. आठ-दहा दिवस. क्लच तेवढा सुटा आहे, अडकलेला नाही, हे नशीब. ‘जोर नाही लावायचा,’ ते जाता जाता म्हणाले. ‘जोर लावला तर मोडतं. ते आपणहून सुटायला पाहिजे.’

मी तेलाची बाटली घेऊन इंजिनात वाकलेला असताना पहिल्या मजल्यावरच्या व्यायामाच्या बाई आल्या. त्या लोकांच्या आखडलेल्या माना, पाठी आणि गुडघे मोकळे करतात. सोसायटीत त्यांना कुणी वाकलेलं दिसलं की त्या थांबतात. मी दुखणं सांगितल्यावर त्यांनी इंजिनाच्या पाठीवरून हात फिरवला आणि निदान केलं. खांदा जखडतो ना, अगदी तसं, त्या म्हणाल्या. नुसतं तेल काय करणार, शेक हवा. अर्ध्या तासात त्या गरम पाण्याची रबरी पिशवी आणि पंचा घेऊन आल्या. इंजिनाला पिशवी लावून वर पंचा गुंडाळला आणि सकाळ-संध्याकाळ वीस मिनिटं, असं मला बजावलं. इंजिनाला सूचना देता येत नव्हत्या म्हणून त्या मला देत होत्या. लांब श्वास घ्या, घाई करू नका.

दुसऱ्या दिवशी बायकोने गॅलरीतून विचारलं, काय चाललंय? आप्पा येण्याआधी सर्व्हिसिंग, मी सांगितलं. तिने खाली दोन कप चहा पाठवला.

बुधवारी फळ्यावर नोटीस लागली. गाड्या लावायच्या जागेवर नवीन फरशी घालायची होती. शुक्रवारी सकाळी दहाच्या आत सर्वांनी वाहने हलवावीत. न हललेली क्रेनने उचलली जातील. क्रेन म्हटलं की अख्खी सोसायटी गॅलरीत येणार, आणि पहिली माझी बायको. ढकलत नेली तरी तेच. मुदत मागणं भाग होतं. तोंडी मागितली तर सेक्रेटरी कारण विचारणार आणि चार लोकांत बोलणार. म्हणून मी लेखी अर्ज करायचं ठरवलं.

इथे मला माझ्या नोकरीबद्दल दोन वाक्यं सांगावी लागतील. मी एकतीस वर्षं एका कार्यालयाच्या परिभाषा शाखेत काढली. परके शब्द आले की त्यांना दारातच अडवून त्यांच्या जागी आपला शब्द पाठवायचा, हे आमचं काम. फाईलला नस्ती म्हणणारी माणसं आम्ही. ‘इंजिन सीझ झाले आहे’ असं वाक्य माझ्या सहीच्या वर जाणं शक्य नव्हतं. सीझ या शब्दाला आमच्या शाखेने पाच बैठका घेऊन, दोघांच्या विरोधाला न जुमानता, जो शब्द ठरवला होता, तो मला तोंडपाठ होता. मी लिहिलं:

‘महोदय, सदर वाहन सुमारे साडेसात वर्षे सुरू न केल्यामुळे त्याचे इंजिन जप्त झाले आहे. सबब वाहन सध्या हलविता येत नाही. इंजिनाची सुटका होईपर्यंत मुदत मिळावी, ही विनंती.’

साडेसात वर्षे कशाला लिहिलं, असं आता सगळे विचारतात. त्याचं उत्तर असं, की हात धुण्याच्या बाबतीत मी कसाही असलो तरी कागदावर खोटं लिहिण्याची मला सवय नाही. कागद जपून ठेवला जातो.

आमच्या सोसायटीत लिफ्टच्या आरशाबद्दलचा अर्ज दोन वर्षं पडून आहे. माझा अर्ज मात्र सेक्रेटरींनी उभ्या उभ्या वाचला आणि त्यांचा चेहरा पांढरा पडला. जप्त झालेला माल आपल्या आवारात, आणि तोही आपल्याला न कळवता. त्यांनी मला काही न विचारता अर्जाची प्रत काढली आणि रिक्षा करून ती स्वतः वाहन कार्यालयात नेऊन दिली. नंतर ते म्हणाले की शेजारधर्म म्हणून त्यांनी माझ्याविरुद्ध एक शब्दही तोंडी सांगितला नाही.

शुक्रवारी दहाला क्रेन आली नाही. त्याऐवजी मेणबत्ती, लाख आणि जाड दोरा घेऊन एक अधिकारी आले. त्यांनी बॉनेट बंद केलं, दोरा आवळला, लाखेचे दोन ठिपके पाडून त्यावर शिक्का दाबला आणि वर कागद चिकटवला: जप्त मालमत्ता, हात लावल्यास कारवाई. मी त्यांना समजावलं की गाडी कुणीही जप्त केलेली नाही. त्यांनी माझा अर्ज माझ्यासमोर धरला.

‘सही तुमचीच ना?’

सही माझीच होती. चांगली वळणदार आली होती.

जप्त गाडी असल्यामुळे क्रेनवाल्यांनी तिला हात लावला नाही, आणि फरशीवाल्यांनी तिच्याभोवती चौकोन सोडून बाकीची फरशी उकरली. गाडी बेटावर उभी राहिली. बेटावर जायला मी फळी टाकली, पण जाऊन करणार काय? प्लग बाहेर माझ्या खिशात, भोकं आत उघडी, तेलाची बाटली माझ्या हातात आणि मध्ये लाख. शिवाय व्यायामाच्या बाईंची रबरी पिशवी आणि पंचा आतच जप्त झाले होते. त्या रोज सकाळी दार वाजवून विचारत की कधी मिळेल, कारण तिसऱ्या मजल्यावरच्या एका कमरेला तीच पिशवी लागत होती. मिस्त्रींना मी फोन केला. ते म्हणाले, तेल खाली झिरपून जाणार. वरची भिंत उघडी पडली की परत गंज धरणार, आणि आधीपेक्षा वाईट. किती दिवस आहेत आपल्याकडे, मी विचारलं. तीन, ते म्हणाले. फार तर चार.

बायकोला मी सांगितलं की कार्यालयाचा काहीतरी शब्दांचा घोळ झालाय. हे खरं होतं.

सोमवारी मी वाहन कार्यालयात चार नंबरच्या टेबलासमोर उभा राहिलो. टेबलामागे एक बाई होत्या, कानाला पेन, चेहऱ्यावर रेषासुद्धा हलत नाही. त्यांनी जप्तीच्या आदेशाचा क्रमांक विचारला. मी म्हणालो, जप्ती झालेलीच नाही.

‘मग सुटका कशाची करू?’

‘सुटका नका करू. नुसतं सील काढा.’

‘सुटकेच्या आदेशाशिवाय सील निघत नाही.’

मी त्यांना शांतपणे, अगदी पहिल्यापासून, सीझ या शब्दाचे दोन अर्थ समजावून सांगितले. बाईंनी माझा अर्ज काढून दोनदा वाचला. मग चष्म्यावरून माझ्याकडे बघितलं.

‘म्हणजे जखडलंय,’ त्या म्हणाल्या. ‘जखडलंय असं लिहायचं होतं तुम्हाला.’

एकतीस वर्षं. पाच बैठका. व्यायामाच्या बाईंनी सपाता घालून, इंजिनावर हात ठेवून तो शब्द माझ्या कानाशी उच्चारला होता आणि मी तो ऐकलाही होता. मी बाईंना म्हणालो की तोही पर्याय विचारात घेता आला असता. मला बसायला खुर्ची मिळेल का, असंही विचारलं.

मंगळवारी बायको माझ्याबरोबर आली. मी नको नको म्हणत होतो. पण माझ्यावर अन्याय होतोय, असं तिला वाटत होतं आणि अशा वेळी तिला घरी ठेवणं कुणाला जमलेलं नाही. ती टेबलाशी खुर्ची ओढून बसली आणि बाईंना सांगू लागली. तिचे वडील येणार आहेत. ही त्यांची गाडी आहे. याच गाडीवर त्यांनी तिला चालवायला शिकवलं. ‘आणि माझ्या मिस्टरांनी नऊ वर्षं, एकही रविवार न चुकवता, ही गाडी सुरू केलीय. तिला जप्त म्हणता तुम्ही?’

बाईंच्या समोर माझा अर्ज उघडा पडला होता. त्यांनी अर्जाकडे पाहिलं. मग माझ्याकडे पाहिलं. माझ्या पाठीतून घामाची एक धार सरळ खाली गेली, मध्ये कुठेही न थांबता.

‘असं का,’ बाई म्हणाल्या आणि अर्जावर पंचिंग मशीन ठेवलं.

मी आयुष्यात कुणाचा इतका ऋणी झालेलो नाही.

बुधवारी प्रकरण आतल्या साहेबांकडे गेलं आणि त्यांनी मार्ग काढला. जे जप्त नाही ते सोडता येत नाही. तेव्हा गाडी आधी रीतसर जप्त करायची आणि मग रीतसर सोडायची. फक्त दोन गोष्टी लागतील. जप्तीसाठी गाडी कार्यालयाच्या आवारात आली पाहिजे; ती शुक्रवारी कार्यालयाचा ट्रक ओढून आणेल. आणि सुटकेसाठी नोंदणीकृत मालक जातीने हजर पाहिजेत.

नोंदणीकृत मालक आप्पा. गाडी माझ्या नावावर करून घ्यायचंही मी पुढच्या आठवड्यावर टाकलं होतं.

बायकोने लगेच फोन लावला. आप्पा म्हणाले, एक दिवस आधी येतो, परस्पर कार्यालयातच येतो, त्यात काय. तिने फोन ठेवला आणि म्हणाली, बघा, किती सरळ झालं सगळं.

शुक्रवारी ट्रक आला. तोवर फरशी घालून झाली होती. गाडीला दोर बांधला. स्टिअरिंगवर कुणीतरी बसायला हवं होतं. मी बसते, बायको म्हणाली. मी म्हणालो, ओढलेली गाडी चालवणं वेगळं असतं. मग ती माझ्या शेजारी बसली. मिस्त्री आले होते. त्यांनी चाकांत हवा भरली, ब्रेक तपासले आणि माझ्या बाजूच्या खिडकीत वाकून, ओठ न हलवता म्हणाले, ‘तेल बंद होऊन आज सातवा दिवस. वरच्या गिअरला टाका. गाडी धावायला लागली की क्लच हळू सोडा. चाकं इंजिनाला ओढतील.’

‘आणि नाही सुटलं तर?’

‘मोडेल.’ ते सरळ उभे राहिले. ‘मी असं कुणाला सांगत नाही.’

काय म्हणाले ते, बायकोने विचारलं. जपून न्या म्हणाले, मी सांगितलं.

ट्रक निघाला. मोठ्या रस्त्याला लागलो. मी क्लच दाबून गिअर टाकला. न सोडावा तर तासाभरात आप्पा किल्ली फिरवणार. सोडावा आणि मोडलं तर आप्पांची गाडी मी स्वतःच्या पायाने मारलेली. मी हळू सोडला. मागची चाकं जागच्या जागी थांबली, रबर किंचाळलं, ट्रक अडखळला, बायकोने समोरची फळी धरली. मी झटकन क्लच दाबला. ट्रकवाल्याने मान बाहेर काढून मागे पाहिलं. मी हात हलवला.

पुन्हा सोडला. पुन्हा किंचाळी. अहो, काय करताय, ती म्हणाली. तिसऱ्यांदा मी डोळे मिटून सोडला आणि खालून एक आवाज आला. बोट मोडल्यासारखा, पण फार मोठं बोट. मोडलं, असं मला वाटलं. आणि मग पायाखाली काहीतरी फिरायला लागलं. घरघर, घरघर. चार भोकांतून उरलेलं तेल उसळून बॉनेटच्या फटींतून बाहेर आलं आणि समोरची काच तपकिरी झाली. मला काही दिसत नव्हतं. मी हसत होतो.

‘हे काय झालं?’ बायको म्हणाली.

‘इंजिन फिरलं,’ मी म्हणालो. तोंडातून गेलंच.

तिने रुमाल काढला, खिडकीतून हात बाहेर घालून काचेवरचं माझ्यापुरतं तेल पुसलं आणि हात आत घेतला. मग शांतपणे विचारलं, ‘म्हणजे आधी फिरत नव्हतं?’

रस्त्याकडे बघू दे, मी म्हणालो. कार्यालय येईपर्यंत ती माझ्याकडे बघत होती, मी रस्त्याकडे.

आप्पा फाटकाशीच ट्रंकेवर बसले होते. दोराला बांधलेली, तेलाने माखलेली, नाकावर लाखेचे डाग असलेली आपली गाडी त्यांनी आत येताना पाहिली. उठून उभे राहिले. साहेबांच्या हुकमाने वहीत जप्तीची नोंद झाली, शिपायाने सील तोडलं. ट्रकमधून आलेल्या मिस्त्रींनी बॉनेट उघडून तेलात भिजलेली रबरी पिशवी आणि पंचा माझ्या हातात दिला आणि प्लग, बॅटरी, पेट्रोल घेऊन कामाला लागले. आम्ही तिघं चार नंबरच्या टेबलासमोर बसलो. मधली खुर्ची माझी.

बाईंनी सुटकेचा फॉर्म काढला, त्याला माझा अर्ज जोडला आणि थांबल्या. नियमाप्रमाणे मूळ अर्ज मालकांना वाचून दाखवावा लागतो, त्या म्हणाल्या. आणि माझ्याकडे बघून विचारलं, ‘वाचू का?’

मालकांनी स्वतःच नजर टाकली तर, मी म्हणालो.

चष्मा ट्रंकेत आहे, आप्पा म्हणाले. वाचा तुम्ही.

बाईंनी वाचलं. माझं गद्य इतक्या शुद्ध उच्चारांत याआधी कुणी वाचलं नव्हतं. प्रत्येक शब्द सुटा, स्वल्पविरामाला थांबून. ‘सुमारे साडेसात वर्षे सुरू न केल्यामुळे.’ माझ्या डावीकडे बायकोच्या बांगड्या वाजायच्या थांबल्या.

बाहेर मिस्त्री काहीतरी ठोकत होते.

‘रविवारी तू फोनवर सांगायचीस,’ आप्पा म्हणाले. ते माझ्याकडे बघत नव्हते.

‘मला खरंच वाटायचं, आप्पा,’ ती म्हणाली.

एवढंच. तिने माझ्याबद्दल काही बोलायला हवं होतं. रागावून बोलली असती तर मी काहीतरी उत्तर दिलं असतं. माझ्याकडे दोन-तीन चांगली तयार होती. पण त्या वाक्यात मी नव्हतोच. ती वडिलांकडे बघत होती आणि लहान दिसत होती.

आप्पा आता माझ्याकडे वळले. आवाज चढलेला नव्हता. घड्याळ उघडल्यावर गिऱ्हाइकाला विचारावं, पाण्यात पडलं होतं का, तसा होता. ‘तासभर काय करायचात खाली?’

‘बसायचो.’

‘गाडीत?’

‘गाडीत. पेपर वाचत.’

त्यांनी मान हलवली. कुठल्या चाकात काय अडकलंय हे त्यांना सापडलं होतं.

बाईंनी फॉर्म पुढे घेतला. वाहनाचा ताबा कुणाकडे द्यायचा, त्यांनी विचारलं. आप्पांनी मुलीकडे बोट केलं. बाईंनी तिचं नाव लिहिलं. मग पेनाचं टोक माझ्याकडे झालं.

‘हे अर्जदार आहेत. यांचं काहीतरी लिहावं लागेल. चालक लिहू?’

‘नाही,’ आप्पा म्हणाले. ‘हे बसतात.’

बाईंनी क्षणभर विचार केला आणि लिहिलं: प्रवासी. पाच बैठका घेऊनही याहून अचूक शब्द आमच्या शाखेला सुचला नसता.

बाहेर आलो तेव्हा गाडी खोकत होती. काळा धूर, मग निळा, मग पांढरा. मग खोकला थांबला आणि ती धडधडू लागली. मिस्त्री रुमालाने हात पुसत बाजूला झाले. आप्पांनी बॉनेटवर तळवा ठेवला, मान तिरकी केली, डोळे मिटले आणि बराच वेळ ऐकलं. ‘एक ठोका लंगडतोय,’ ते म्हणाले. ‘पण चालेल.’ ते स्टिअरिंगवर बसले आणि त्यांनी आवाराची एक फेरी मारली, सुट्या गाड्यांच्या आणि जप्त गाड्यांच्या मधून, फार हळू, फार सरळ. फेरी संपल्यावर ते बाजूच्या सीटवर सरकले आणि स्टिअरिंग मुलीला दिलं.

मी मागे बसलो. शेजारी ट्रंक, मांडीवर रबरी पिशवी आणि पंचा. बायकोने गिअर टाकला. गाडी फाटकाबाहेर पडली, रस्त्याला लागली. आरशात तिचे डोळे दिसत होते. ते रस्त्यावर होते. पहिल्या वळणाच्या अलीकडे तिने तोंड न फिरवता विचारलं, ‘मागचं दार नीट लावलंय ना?’

‘हो,’ मी म्हणालो.

तिने गाडी कडेला घेतली. हँडब्रेक ओढला. खाली उतरली, मागून वळसा घालून माझ्या बाजूला आली, दार उघडलं, पुन्हा लावलं आणि लागलं की नाही हे दोनदा ओढून बघितलं. मग जाऊन जागेवर बसली. आप्पा समोर बघत होते.

दार आधीपासूनच नीट लागलेलं होतं. पण हे मी आता सांगणार कुणाला.